उणे साठ

गाडी लिटरला किती देते, या प्रश्नाचं खरं उत्तर मी आजवर एकाही माणसाकडून ऐकलेलं नाही. बारा देणारी गाडी चारचौघांत सोळा देते आणि विकायला काढली की अठरा. मी वजनमापे निरीक्षक आहे. एकतीस वर्षं दुकानांतले तराजू, पेट्रोल पंपांची मापं आणि खडीच्या खाणींवरचे ट्रक मोजायचे काटे तपासून त्यांना सील लावण्यात गेली. त्यामुळे माझ्या गाडीचा आकडा मी सांगतो तो मोजलेला असतो. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर वहीत लिहायचे, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. माझी गाडी तेरा देत होती.

गाडी म्हणजे एक बुटकी जुनी जीप, चारही चाकांना ताकद जाणारी, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असलेली. ती मी हौसेने घेतली नव्हती. आमची लेक धरणावरच्या वसाहतीत राहते. जावई तिथे दरवाजे सांभाळतो, म्हणजे धरणाचे. आमच्या घरापासून ते अंतर शहाण्णव किलोमीटर, आणि त्यातले शेवटचे तीस उभ्या चढाचे आणि मुरमाचे. साध्या गाडीचं पोट तिथे घासतं. लेकीला आठवा महिना संपत आला होता, रक्तदाब वर-खाली होत होता आणि आमच्या गावातल्या डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं की तारखेच्या पंधरा दिवस आधी मुलीला खाली आणा, वर काही झालं तर मी जबाबदार नाही. तिला आणायचं काम माझं होतं. जावयाकडे मोटारसायकल आहे, पण तिच्यावरून त्या रस्त्याने गरोदर बाईला आणणं म्हणजे जिवाशी खेळ.

पेट्रोल फक्त आमच्या गावात मिळतं. वर पंप नाही, वाटेत नाही. टाकी चाळीस लिटरची. सपाटीला तेरा आणि चढाला नऊ धरले तर जाऊन-येऊन निम्मी टाकीसुद्धा लागत नव्हती. आणि नेमकं तेव्हाच ॲव्हरेज पडायला लागलं. आधी अकरा झालं, मग आठ, मग साडेपाच. साडेपाच सपाटीला. चढाला किती, हे मोजायची माझी हिंमत नव्हती. चाळीस लिटरमध्ये मी वर पोचलो असतो आणि लेकीला गाडीत बसवून कुठल्या तरी वळणावर उभा राहिलो असतो. डब्यात पेट्रोल द्यायला बंदी आहे आणि त्या पंपाची मापं मीच तपासतो. मीच डबा पुढे केला असता तर दुसऱ्या दिवशी कुणाला कुठल्या तोंडाने काही सांगणार होतो?

वही उघडून पाहिली. आकडा घसरायला सुरुवात झाली ती एका ठरावीक तारखेपासून, आणि ती तारीख मला चांगली आठवत होती, कारण त्या दिवशी मी घरी येऊन दोनदा आंघोळ केली होती.

चरबी वितळवण्याचा एक कारखाना आहे, होता म्हणू या, कारण तो तेव्हा बंद पडून महिना झाला होता. मालकाला सगळं विकायचं होतं आणि काटा तपासल्याचा कागद हवा होता. असल्या जागांची मला मुळातच शिसारी. आमच्या धंद्यात पितळी वजनांना उघड्या हाताने शिवत नाहीत. बोटांचा तेलकटपणा वजनावर बसतो आणि वजन खोटं पडतं. एकतीस वर्षं हे पाळलं की तेलकट वस्तूची किळस ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. आमची ही म्हणते, तुमचं अर्धं आयुष्य हात धुण्यात गेलं आणि उरलेलं पुसण्यात.

त्या कारखान्यात भिंती कमरेपर्यंत पिवळ्या आणि ओशट होत्या. कढया रिकाम्या होत्या, पण त्यांच्या काठांवर चरबीचा जुना थर सुकून साय धरल्यासारखा झाला होता. जमिनीवरून पाऊल उचललं की बूट चट् आवाज करून सुटायचा. वास नाकात नव्हे, घशात बसत होता. मी गाडीचं डावीकडचं मागचं दार उघडं टाकलं आणि वीस-वीस किलोची दहा लोखंडी वजनं एकेक करून आत नेली. पाऊण तास गेला. कारखान्याचा म्हातारा वॉचमन फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसला होता. तो आत आला नाही.

"साहेब, गाडीचं दार लावून घ्या," तो म्हणाला.

"इथे चोरायला कोण येणार आहे?"

"चोरायचं नाही म्हणत मी."

वॉचमन माणसाला दार या विषयावर बोलायची सवयच असते, असं समजून मी कामाला लागलो. जाताना त्याने माझ्या गाडीकडे बघितलं आणि खुर्ची उचलून थोडी लांब नेली.

मेस्त्रीकडे गाडी नेली तेव्हा मी हे काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. हा मेस्त्री माझ्या ओळखीतला एकमेव माणूस, जो 'होईल साहेब' असं न म्हणता आधी बघतो. त्याने चाकातली हवा पाहिली. हवेचा फिल्टर काढून झटकला. प्लग बदलले. ब्रेक धरून राहतात का ते चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून बघितलं. पुढची चाकं फोर-व्हीलमध्येच अडकून राहिलीत की काय, ही त्याची खरी शंका होती. तसं झालं की गाडी पेट्रोल ढोसते म्हणाला. तेही ठीक निघालं. टाकीला गळती नव्हती. तीन दिवस गाडी त्याच्याकडे होती आणि चौथ्या दिवशी त्याने मला मागच्या चाकाशी उकिडवं बसवलं.

"हा स्प्रिंगचा पाटा आणि ही वरची पट्टी. मधे किती जागा आहे बघा."

मी बोटं घातली. चारच बोटं गेली.

"रिकाम्या गाडीला आठ पाहिजेत," तो म्हणाला. "माझी बाकीची गिऱ्हाइकं मागे सिमेंटच्या गोणी भरून येतात तेव्हा एवढी दबते. मागे काय ठेवलंय?"

"काही नाही. तूच रिकामी केलीस ना."

"मीच केली." तो कपड्याला हात पुसत राहिला. मग म्हणाला, "गाडीला काही झालं नाही साहेब. गाडी ओझं ओढतेय. आणि वासाचं बघा जरा. माझा माणूस मागे बसायला तयार नाही."

वास मला येत होताच. पण मी तो त्या कारखान्याचा, बुटांना लागून आलेला, असं धरून चाललो होतो. गेल्या तीन आठवड्यांत मी मागची सीट साबणाने, सोड्याने आणि शेवटी रॉकेलने पुसली होती. पुसली की तासाभरात रेक्झिनवर परत ओशट ओल यायची. डावीकडच्या मागच्या काचेला आतून एक मेणचट पापुद्रा धरत होता. त्यावर बोट फिरवलं की बोटाखाली सुरकुती पडायची. सगळ्यात घाण प्रकार म्हणजे कोरड्या, भर दुपारच्या उन्हात ती एकच काच आतून धुरकट व्हायची, पुसली की जायची आणि थोड्या वेळाने परत यायची. एका लयीत यायची. मला ती लय ओळखू येत होती आणि मी ती ओळखायचं नाकारत होतो.

ओझं असेल तर ते मोजता येतं, हा माझा धंदा. डोंगराच्या पायथ्याला, धरणाच्याच रस्त्यावर, खडीची खाण आहे. तिच्या काट्यावर आठ महिन्यांपूर्वी मीच सील लावलं होतं. जमिनीच्या पातळीत बसवलेला, ट्रक ज्यावर चढतो तो मोठा लोखंडी पाटा, बाजूला काटेवाल्याची खोली आणि ट्रकवाल्यांना दिसावेत म्हणून बाहेर लावलेले लाल आकडे. काटा पाच-पाच किलोंनी मोजतो. काटेवाला शांत माणूस. दिवसभर आकडे बघून माणूस बडबड्या राहत नाही.

गाडी पाट्यावर उभी करून मी खाली उतरलो आणि पाट्याबाहेर येऊन उभा राहिलो. कागदावरचं वजन, टाकीतलं पेट्रोल आणि हत्यारं धरून एक हजार पासष्ट किलो भरायला हवे होते. आकडा आला एक हजार एकशे पंचवीस.

मी काट्यावर विश्वास ठेवला नाही. गाडी खाली घेतली, खाणीवर ठेवलेली तपासणीची वजनं आणवली आणि पाट्याच्या चारही कोपऱ्यांवर शंभर-शंभर किलो ठेवून बघितले. शंभर म्हणजे शंभर. परत गाडी चढवली. एक हजार एकशे पंचवीस.

"साठ जास्त," काटेवाला खिडकीतून म्हणाला. "माणूस बसलाय म्हणा ना आत."

मला ती थट्टा आवडली नाही. नुसत्या साठ किलोने गाडी एवढी दबत नाही आणि एवढं पेट्रोलही पीत नाही, हे मला कळत होतं. मी डावीकडचं मागचं दार उघडलं आणि सीटवर तळहात ठेवला. ठेवायला नको होता. रेक्झिन ओशट होतं, ते ठाऊकच होतं. पण ते ऊबदार होतं, खुर्चीतून कुणी नुकतंच उठून गेल्यावर असते तेवढं. बाकीची सीट गार होती. दार तसंच उघडं टाकून मी खोलीमागच्या नळावर गेलो, माती लावून हात धुतले, मग काटेवाल्याकडून साबण मागून पुन्हा धुतले.

परत आलो तेव्हा गाडी वेगळी दिसली. मागच्या चाकाशी उकिडवा बसून स्प्रिंगच्या फटीत बोटं घातली. आठ बोटं गेली.

"आकडा किती?" मी विचारलं.

"तेवढाच. अकराशे पंचवीस."

हे होऊच शकत नाही. स्प्रिंगची फट वाढली म्हणजे गाडी हलकी झाली, आणि गाडी हलकी झाली तर आकडा उतरायला हवा. मी दार धाडकन लावलं, गाडीत बसलो आणि पाट्यावरून गाडी खाली काढली. गाडी एखाद्या वासरासारखी उधळली. आरशात मला ते लाल आकडे दिसले.

रिकाम्या काट्यावर साठ किलो.

आम्ही दोघं त्या पाट्याकडे बघत उभे राहिलो. भर दुपार होती. पाट्यावर खडीची पांढरी भुकटी पसरली होती आणि तिच्यावर काही नव्हतं. मी पाट्यावर चढून मधोमध गेलो. आकडा एकशे तीस झाला, माझे सत्तर धरून. वास तिथेच होता. पाऊल उचललं तर बूट चट् करून सुटला.

"साहेब, उतरा," काटेवाला हळूच म्हणाला.

मी उतरलो. तो खोलीतून एक साखळी घेऊन आला. "काटा बंद ठेवतो. साखळी लावतो दोन्ही बाजूंना. हे साठ जाईपर्यंत कुणाला वर पाय ठेवू देत नाही."

"साठ जाईपर्यंत म्हणजे? काय जाईपर्यंत?"

त्याने आकड्याकडे फक्त बोट केलं.

त्या वेळी मी जे केलं ते माझ्या खात्यातला कुणीही माणूस सवयीने करेल. रिकामा काटा शून्य दाखवत नसेल तर तो शून्यावर आणायचा असतो. पण त्याआधी काट्यावर खरोखर काही नाही ना, याची खात्री करायची असते, आणि ती खात्री मला नव्हती. माझी गाडी हलकी झाली होती. लेकीला आणायला दहा दिवस उरले होते. मागे ट्रकांची रांग लागून हॉर्न सुरू झाले होते. आणि खरं सांगायचं तर मला तो आकडा दिसणं बंद व्हायला हवं होतं. मी जुनं सील तोडलं, आतला स्क्रू फिरवून साठाचं शून्य केलं, नवं सील लावलं आणि कागदावर लिहिलं, 'शून्य सरकले होते, दुरुस्त केले.' खाली सही केली.

काटेवाल्याने साखळी परत खोलीत नेली. शून्य दाखवणाऱ्या, सील लावलेल्या काट्यावर साखळी कशासाठी लावणार?

"ट्रकवाले काट्यावर खाली उतरत नाहीत," तो स्वतःशीच म्हणाला. "दारं बंदच असतात."

त्या आठवड्यात गाडीने तेरा दिले. दोनदा मोजलं. सीट धुतली ती कोरडी राहिली, काच स्वच्छ राहिली. मेस्त्रीने स्प्रिंगच्या फटीत आठ बोटं घालून मान डोलावली आणि प्लग बदलल्याचं श्रेय घेऊन टाकलं. मी ते घेऊ दिलं.

दहाव्या दिवशी सकाळी टाकी काठोकाठ भरून मी वर गेलो. चढाला गाडीने कुठे दम घेतला नाही. लेक अंगणात खुर्ची टाकून वाटच बघत होती. पाय सुजले होते, चेहरा गोल झाला होता.

"बाबा, किती दिले गाडीने?" तिने पहिला प्रश्न हाच विचारला. माझीच मुलगी ती.

"नऊ पूर्णांक दोन. चढाला. टाकीत पट्टी बुडवून बघितलं."

"म्हणजे नातवंडाला घेऊन जाण्यालायक झाली म्हणायची."

जावयाला दोन आठवडे सुट्टी नव्हती. त्याने पिशव्या ठेवल्या, मागे दोन उशा ठेवल्या आणि तिला डावीकडे बसवलं. "बाबा, सावकाश न्या," एवढंच म्हणाला, आणि गाडी वळेपर्यंत फाटकाशी उभा राहिला.

उतारावर काहीच झालं नाही. लेक मागे गुणगुणत होती. पायथ्याशी येता येता म्हणाली, "बाबा, कुठे तरी थांबवा. मला जायचंय. आता घरापर्यंत दम निघायचा नाही."

तिच्या अवस्थेत तो दम निघतच नाही. आणि त्या तीस-चाळीस किलोमीटरात दरवाजा लावता येईल असं एकच ठिकाण होतं, काटेवाल्याच्या खोलीमागचं. मी गाडी काट्यापासून लांब, रस्त्याच्या पलीकडे उभी केली. सावली होती म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

खोलीच्या दोन्ही बाजूंना खडीचे ढीग होते. जायला सरळ वाट एकच, पाट्यावरून. मी दार लावून वळेपर्यंत ती निघाली होती, कमरेला हात देऊन, सावकाश. लाल आकडे साठ झाले. काटा पाचाच्या पटीत दाखवतो आणि तिचं वजन साठ-एकसष्ट असणार, म्हणजे बरोबरच होतं. ती पलीकडे उतरली. आकडा शून्य.

मी सुटकेचा श्वास सोडला.

तिला परत येताना ढिगाच्या मागून फिरवून आणायचं ठरवून मी रस्ता ओलांडायला लागलो. एक ट्रक आडवा आला. तो जाईपर्यंत ती निघाली होती.

पाट्याच्या मधोमध ती थांबली. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून नुसतीच पायांकडे बघायचा प्रयत्न करत होती.

"बाबा, इथे काय सांडलंय? चिकट लागतंय."

"चल तू. थांबू नको तिथे."

"चप्पल धरतेय हो."

तिने पाऊल उचललं. चट् असा आवाज झाला. रस्त्याच्या या बाजूला मला तो ऐकू येण्याचं कारण नव्हतं. ती पाट्यावरून खाली उतरली.

मी आकड्याकडे बघितलं. शून्य यायला हवं होतं.

उणे साठ.

काटेवाला खिडकीत उभा होता. त्याने आकडा बघितला, मग माझ्या मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि खिडकी लावून घेतली.

गाडीत बसताना तिने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "एकदम जड वाटायला लागलं."

दोन किलोमीटरवर मी गाडी थांबवली. चारही दारं उघडली. मागचं पाचवंही उघडलं. स्प्रिंगच्या फटीत बोटं घातली. चार बोटं. रस्त्याकडेला उन्हात उभा राहून मी वाट बघितली. दहा मिनिटं. वीस मिनिटं.

"बाबा, काय करताय?"

"हवा खेळू दे जरा."

"कसला वास येतोय हा? मला मळमळतंय."

मी पुन्हा बोटं घातली. चारच.

गावापर्यंतच्या सपाट रस्त्यावर पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येत गेला. मी घरी न नेता तिला थेट दवाखान्यात नेलं. दवाखान्याच्या दारात ती खाली उतरली आणि माझ्या मागे करकर आवाज झाला. गाडी आपोआप वर उचलली गेली होती. आता मला वाकून बोटं घालायची गरज नव्हती.

डॉक्टरीणबाईंकडे पाठवण्याआधी नर्स वजन घेते. लेक काट्यावर उभी राहिली. नर्सने आकडा बघितला आणि तिला खाली उतरवलं. काटा शून्यावर आला. पुन्हा उभं केलं. काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला आणि तिसऱ्यांदा उभं केलं.

"एकशे एकवीस म्हणतोय," ती हसत म्हणाली. "बिघडलाय. मागच्या वेळी एकसष्ट होतं ना ताई? तेवढंच लिहिते."

असं अंदाजाने लिहिणाऱ्या माणसांना मी एकतीस वर्षं नोटिसा दिल्या. तिने लिहिलं आणि मी मान हलवली. काट्याच्या बाजूला सील होतं. त्यावरची तारीख मागच्याच महिन्याची होती आणि सही माझी.

नवव्या दिवशी बाळंतपण झालं. मुलगी. दोघी सुखरूप, असं सगळे म्हणाले. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "दोन किलो नऊशे," पण हे सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. नंतर मी बाळाचं कार्ड बघितलं. वजनाच्या रकान्यात आधी काही तरी लिहून त्यावर जोर देऊन गिरवलं होतं. खालचा आकडा तीन अंकी होता की दोन, हे मला लावता आलं नाही. लावायचंही नव्हतं.

लेक खाटेवर उठून बसली होती. "बाबा, किती हलकं वाटतंय म्हणून सांगू," ती म्हणाली. आमच्या हिने नातीला उचलून घेतलं आणि लगेच खुर्चीत बसली. "अगं बाई, भरीव आहे हो पोर," ती म्हणाली आणि हसली. जावई आला, त्याने घेतलं, आणि मिनिटभरात या हातावरून त्या हातावर केलं. मी अजून घेतलेलं नाही. ही म्हणते, आजोबांना किळस येते शी-शूची. मी म्हणतो, हो. बाळाच्या टाळूला गोड वास येतो म्हणतात. घरात सगळे आळीपाळीने तो वास घेतात. मला दारातूनच येतो. तो कुठला आहे ते मला माहीत आहे, आणि मी जाऊन हात धुऊन येतो.

बाळ आता अडीच महिन्यांचं आहे. सगळं ठीक आहे, दूध पितं, झोपतं. पाळण्याचा हूक दोनदा बदलला. दुपारी ते झोपलं की त्या खोलीची खिडकी आतून धुरकट होते.

गाडी तेरा देते. दर आठवड्याला टाकी काठोकाठ भरून मी मोजतो. तेरा म्हणजे तेरा.

पुढच्या महिन्यात लेक बाळाला घेऊन वर जायचं म्हणते. जावई रोज फोनवर विचारतो. मी कागदावर हिशोब मांडून बघितला, एकदा सपाटीचा, एकदा चढाचा. त्या दोघींना घेऊन गेलो तर टाकी पुरत नाही, हे मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.